पाण्याचा जमाखर्च

सुरतेहून हजिऱ्याच्या रस्त्याने निघाले की इच्छापोर हे गाव लागते. त्याच्या शिवारात आज हिऱ्यांच्या व जडजवाहिराच्या उद्योगाची संकुले उभी आहेत. सुरतेच्या या परिसरात खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबे पोटासाठी आली आणि यंत्रमागावर राबू लागली. त्यांतील पुष्कळांनी गाव सोडले ते हौसेने नव्हे, शेतीवर भागेना म्हणून. शहर कष्टाला दाम देते, हे खरे. परंतु गाव आपल्या माणसांना का धरून ठेवू शकत नाही, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

या प्रश्नाला अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने कृतीने उत्तर दिले. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेले. डोंगर उघडे पडले, दारू बोकाळली, तरुण मुंबई-पुण्याची वाट धरू लागले. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, आणि ग्रामसभेने काही बंधने स्वतःवर घालून घेतली : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान. डोंगरउतारावर चर खणले, ओढ्यांवर बांध घातले. धावते पाणी चालू लागले, चालते थांबले, आणि थांबलेले जमिनीत मुरले.

तथापि पाणी अडविणे हे अर्धेच काम होय. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने खोल कूपनलिका खणली, की शेजाऱ्याची विहीर आटते. म्हणून शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस नको, केळी नको, असे गावाने ठरविले. वर्षाकाठी पाऊस तो केवढा? सुमारे ४०० मिलिमीटर. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होते. असा हिशेब ग्रामसभेत मांडला जातो. आधी माणसांचे व गुराढोरांचे पाणी बाजूला काढायचे, आणि उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवायची. पाऊस कमी, तर पेराही कमी.

या शिस्तीचे फळ गावाला मिळाले. विहिरींना पाणी आले, चारा वाढला, दूधदुभते वाढले. आणि गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे परत आली. २०२० मध्ये पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

प्रत्येक गावाला असा सरपंच लाभेलच असे नाही, ही शंका रास्त आहे. परंतु पर्जन्यमापक कोणत्याही गावाला बसविता येतो, आणि ग्रामसभा तर प्रत्येक गावाची आहेच. कठीण आहे ते एवढेच, की हाती पैसा असूनही शेजाऱ्याच्या विहिरीसाठी आपला हात आवरावा लागतो. घरचा जमाखर्च जो नीट ठेवतो, त्याचे घर टिकते. गावाचेही तसेच आहे. ज्या गावाला आपल्या पाण्याचा हिशेब कळला, त्या गावाच्या लेकरांना गाठोडे बांधून परमुलखाची वाट धरावी लागणार नाही.