नक्कलयंत्राच्या हाती दिलेली किल्ली

कचेरीच्या कोपऱ्यात उभे असलेले नक्कलयंत्र, मग ते कोणत्याही कंपनीचे असो, मराठी माणूस त्याला 'झेरॉक्स'च म्हणतो. हे यंत्र आता केवळ नकला काढून थांबत नाही. काचेवर कागद ठेवावा, पडद्यावरील नाव निवडावे आणि हिरवी कळ दाबावी, की कागदाचे चित्र ई-मेलने रवाना होते. वकिलाच्या कचेरीतून खरेदीखत जाते, रुग्णालयातून तपासणीचा अहवाल जातो, पतसंस्थेतून कर्जदाराचे आधारकार्ड आणि पगाराचा दाखला जातो. हे कागद ज्यांचे, ती माणसे बहुधा त्या खोलीत नसतात. त्यांचे गुपित कोणत्या वाटेने जाते, हा प्रश्न म्हणूनच केवळ यंत्र बसवून देणाऱ्या कारागिरावर सोपवून चालत नाही.

ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम आज जगभर चालतात, ते जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. 'एसएमटीपी' या आद्याक्षरांनी ते ओळखले जातात. त्या काळी हे जाळे मुख्यतः विद्यापीठे आणि संशोधनसंस्था यांच्यापुरते होते. त्यामुळे पत्र टाकणारा कोण, हे पडताळण्याची सोय मूळ नियमांत नव्हती, आणि मजकूर पोस्टकार्डासारखा उघडा जात असे. पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची आणि मजकूर लखोट्यात बंद करण्याची कलमे पुढे १९९९ साली जोडण्यात आली. तीही ऐच्छिक होती. लखोटा वापरायचा की नाही, हे यंत्राची मांडणी करणाऱ्याच्या मर्जीवर राहिले, आणि ती मर्जी अनेकदा आळसाच्या बाजूने झुकली.

या आळसाला धक्का बसला तो ३० मे २०२२ रोजी. त्या दिवसापासून गुगलने व्यक्तिगत खात्यांच्या बाबतीत, नुसते नाव आणि नेहमीचा पासवर्ड सांगून आत येण्याची जुन्या साधनांची मुभा काढून घेण्यास प्रारंभ केला. कालपर्यंत बिनतक्रार पत्रे धाडणाऱ्या यंत्रांच्या पडद्यावर ओळख पटत नसल्याचा संदेश येऊ लागला. त्यावर उपाय असा की, खात्याला दुहेरी पडताळणी लावावी आणि यंत्रासाठी १६ अक्षरांचा निराळा 'अॅप पासवर्ड' तयार करून घ्यावा. उपाय सोपा आहे. परंतु तो कोणाच्या खात्यावर करावा, येथेच पुष्कळ कचेऱ्यांची गफलत होते.

काम खोळंबलेले असते, म्हणून साहेबांचेच खाते यंत्रात भरले जाते. वस्तुतः असा पासवर्ड केवळ पत्र पाठविण्याची किल्ली नसतो. त्याच किल्लीने त्या खात्यातील आलेली सारी पत्रे वाचताही येतात. म्हणजे चपराश्याला टपालपेटीपर्यंत पाठविताना तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात घालावी, तसा हा प्रकार होतो. यंत्रासाठी स्वतंत्र खाते उघडावे, त्यावर दुसरे कोणतेही काम ठेवू नये. अशा मार्गाने गेलेल्या प्रत्येक पत्राची एक प्रत जीमेलच्या खात्यात 'पाठविलेली पत्रे' या सदरात साठत जाते, हेही पुष्कळांच्या ध्यानी नसते. ते सदर नियमाने रिकामे केले पाहिजे, नाहीतर कर्जदारांची कागदपत्रे वर्षानुवर्षे तेथे पडून राहतात.

आता ही किल्ली चोरीला कशी जाते ते पाहावे. कचेरीतील कोणत्याही संगणकावरून नक्कलयंत्राचे मांडणीचे पान उघडता येते. त्याचा व्यवस्थापकीय पासवर्ड पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच राहिलेला असतो, आणि तो पुस्तिकेत छापलेला असतो. ई-मेलचा पासवर्ड त्या पानावर ठिपक्यांनी झाकलेला दिसतो, म्हणून मालक निर्धास्त असतो. परंतु चोराला तो वाचण्याची गरजच नसते. तो फक्त ई-मेल सर्व्हरचा पत्ता पुसून तेथे आपल्या संगणकाचा पत्ता घालतो आणि चाचणीची कळ दाबतो. यंत्र इमानाने नव्या पत्त्यावर जाते आणि ओळख म्हणून पासवर्ड स्वतःच्या मुखाने सांगून टाकते. पत्ता बदलताच पासवर्ड पुन्हा मागण्याची खबरदारी काही यंत्रे घेतात, सगळी घेत नाहीत. म्हणून व्यवस्थापकीय पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा आणि ते पान कचेरीबाहेरील इंटरनेटवरून उघडणार नाही अशी तजवीज करावी.

लखोट्याच्या बाबतीत थोडे तांत्रिक आहे, पण टाळता येत नाही. जुना पोर्ट २५ सोडून ५८७ किंवा ४६५ निवडावा. ५८७ वर 'शक्य असल्यास गुप्त' आणि 'नेहमी गुप्त' असे दोन पर्याय काही यंत्रांत दिसतात. त्यांपैकी दुसराच घ्यावा, कारण पहिल्यात लखोटा न मिळाल्यास यंत्र पत्र उघडेच धाडते. टीएलएस या लखोट्याच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मार्च २०२१ मध्ये रीतसर निवृत्त झाल्या. ज्या यंत्राला तेवढ्याच ठाऊक असतील, त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर नवे करावे. ते मिळत नसेल तर त्या यंत्राकडे नकलांचेच काम ठेवावे. सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्याची खूणही चालू असावी. ती चालू केल्यावर पत्रे अडली, तर प्रथम यंत्राचे घड्याळ पाहावे. घड्याळ काही वर्षे मागे पडले असेल, तर प्रमाणपत्र अद्याप अमलातच आले नाही अशी यंत्राची समजूत होते. अशा वेळी तपासणी बंद करणे हा सार्वत्रिक उपाय झाला आहे. तारीख दुरुस्त करण्यास मात्र एक मिनिट पुरते.

हा लखोटा यंत्रापासून सर्व्हरपर्यंतच हमखास असतो. पुढे पत्र ज्याच्या पेटीत पडेल, तो ते वाचणारच. एका अक्षराच्या चुकीने खरेदीखत परक्याच्या हाती जाऊ शकते. यास्तव पडद्यावर पत्ता टंकण्याची सोय बंद करून केवळ नोंदवहीतील नावेच निवडता येतील असे करावे. गैरसोय होते खरी, पण ती सोसण्यासारखी आहे.

शेवटी यंत्र कचेरीतून निघते तेव्हाची गोष्ट. पुष्कळशा मोठ्या नक्कलयंत्रांच्या पोटात हार्डडिस्क असते. २०१० साली सीबीएस न्यूज या अमेरिकी वृत्तसंस्थेने जुनी यंत्रे विकत घेऊन त्यांच्या डिस्का तपासल्या. त्यांत न्यूयॉर्कच्या ॲफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्यविमा संस्थेने पूर्वी भाड्याने घेतलेल्या एका यंत्रावर रुग्णांची माहिती जशीच्या तशी सापडली. ३,४४,५७९ व्यक्तींची माहिती उघडी पडली असावी असा अंदाज झाला, आणि २०१३ साली संस्थेला १२,१५,७८० डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले. म्हणून भाड्याचे यंत्र टेम्पोत चढविण्यापूर्वी डिस्क पुसून घ्यावी, नावांची नोंदवही काढून टाकावी, आणि कचेरीच्या संगणकावर बसून त्या यंत्राला दिलेला अॅप पासवर्ड खात्यातून रद्द करावा.