हुंडणावळ आणि आपलें घर



भाईंदरच्या पूर्वेस इंद्रलोक नांवाची वसाहत आहे. नांव स्वर्गाचें असलें तरी तेथील रहिवासी तुमच्या-आमच्यासारखेच, सकाळची गाडी पकडून मुंबईस जाणारे आणि घराचा हप्ता आधीं बाजूला काढून मग महिन्याचा हिशेब मांडणारे आहेत. तेथील एका इमारतींत समोरासमोर राहणारीं दोन कुटुंबें आपण कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. एका घरची मुलगी अमेरिकेंत शिकत आहे व तिची फी वडील येथून धाडतात; समोरच्या घरचा मुलगा दुबईस नोकरीला आहे व तो दरमहा आईवडिलांस पैसे पाठवितो. डिसेंबर २०२५ मध्यें एका डॉलरला नव्वदांहून अधिक रुपये पडूं लागल्याची बातमी आली. मुलीच्या वडिलांस तिनें चिंतेंत टाकलें असेल. दुबईचा दिरहाम डॉलरशीं ठरीव दरानें जखडलेला असल्यामुळें समोरच्या घरीं मात्र तीच बातमी शुभवार्ता ठरली असेल.

परक्या नाण्याशीं आपल्या नाण्याची अदलाबदल ज्या भावानें होते त्यास हुंडणावळ हा जुना शब्द आहे. हा विषय मोठ्या पेढ्यांचा, आपला नव्हे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती किती महाग पडते हें पाहावयाचें तर १९२० सालाकडे वळावें.

त्या सालीं सरकारनें रुपयाचा भाव सोन्याच्या हिशेबानें दोन शिलिंग ठरविला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं तो भाव टिकेल या भरंवशावर विलायती मालाच्या भरमसाट मागण्या नोंदविल्या. माल बंदरांत येऊन पडेपर्यंत रुपया घसरत गेला आणि १९२१ च्या पूर्वार्धांत सोळा पेन्सांच्याही खालीं उतरला. याच काळांत, १९२० सालीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं पुन्हा लंडनास गेले होते. त्या वेळीं विलायतेस निघालेल्या कोणाही विद्यार्थ्याचा हिशेब करून पाहा. साडेसात हजार रुपये जमवून तो निघाला, तर दोन शिलिंग भावानें त्याचे ७५० पौंड होत. सोळा पेन्स भावानें तेच ५०० उरत. एक तृतीयांश रक्कम नाहींशी झाली, आणि त्यानें तर एक पैचीही उधळपट्टी केलेली नव्हती.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें रुपया सोळा पेन्सांचा असावा कीं अठरा पेन्सांचा, हा वाद मुंबईंत विलक्षण पेटला. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे व्यापारी पुढारी सोळा पेन्सांच्या बाजूचे होते. आंबेडकरांनीं निराळाच प्रश्न केला. रुपया स्वस्त झाला म्हणजे देशांतील किंमती चढतात, आणि मजुरी त्या वेगानें चढत नाहीं. तेव्हां ज्यास राष्ट्राचा लाभ म्हणतात तो एका वर्गानें दुसऱ्या वर्गाच्या पदरांतून काढून घेतलेला लाभ असतो. १९२७ सालीं अठरा पेन्सांचा भाव कायद्यानें ठरला. तो वाद आतां इतिहासजमा झाला, परंतु लाभ कोणाचा हा प्रश्न आपल्या त्या दोन घरांनाही तितकाच लागू आहे.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतों. ६ जून १९६६ रोजीं डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपये झाला. जुलै १९९१ च्या आरंभीं दोन टप्प्यांनीं पुन्हां अवमूल्यन झालें, आणि त्याच महिन्यांत रिझर्व्ह बँकेचें सुमारें ४७ टन सोनें तारण म्हणून विलायतेस रवाना झालें. १९९३ पासून भाव बाजारांत ठरतो. रिझर्व्ह बँक मोठे हेलकावे आवरण्यासाठीं मध्यें पडते, परंतु अमुकच भाव राखीन असें वचन ती देत नाहीं.

आतां मुलीच्या वडिलांकडे येऊं. दहा हजार डॉलरांचा हप्ता ऑगस्ट २०२४ मध्यें सुमारें ८ लाख ४० हजारांत भागला असता. डिसेंबर २०२५ मध्यें त्यालाच ९ लाख लागले. मुलगी तीच, विद्यालय तेंच, आणि साठ हजारांचा फरक! अशा वेळीं बहुतेक गृहस्थ एक चूक करतात. भाव जरा खालीं येऊं दे, मग पैसे धाडूं, असें म्हणत ते शेवटच्या तारखेपर्यंत थांबतात. आपण कांहीं केलें नाहीं असें त्यांस वाटतें. वस्तुतः त्यांनीं पैज लावलेली असते. उलट, घाबरून सर्व डॉलर एकाच दिवशीं घेणें हीही पैजच. २००२ सालीं एकोणपन्नासांच्या आसपास असलेला डॉलर २००७ च्या अखेरीस चाळिसांच्याही खालीं गेला होता, हें रुपया नेहमीं पडतोच असें म्हणणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें. जी रक्कम द्यावयाचीच आहे ती तीन-चार भागांत, ठराविक अंतरानें, मुलीच्या तेथील खात्यावर पाठवीत राहावें. सर्वांत उत्तम भाव मिळणार नाहीं. सर्वांत वाईट भावांत सगळी रक्कमही सांपडणार नाहीं.

प्रवाशाचें संकट निराळें. आठ-दहा दिवसांच्या सफरीला भावाच्या चढउतारापेक्षां खरेदी आणि विक्री यांच्या दरांतील अंतरच अधिक बोंचतें. वर्तमानपत्रांत छापलेला भाव आपल्याला कोणी देत नाहीं. विमानतळावरील खिडकींत तर हें अंतर फार वाढतें, आणि उरलेल्या नोटा परततांना मोडल्या कीं दुसऱ्यांदा नुकसान. म्हणून अमुक डॉलर हातांत पडण्यास एकूण रुपये किती, एवढाच प्रश्न दोन-तीन ठिकाणीं विचारावा. ‘कमिशन नाहीं’ या पाटीनें भुलूं नये. परदेशीं दुकानांत कार्ड पुढें केलें कीं रक्कम रुपयांत घ्यावी कीं तेथील चलनांत, असें कधीं कधीं यंत्र विचारतें. आपला रुपया ओळखीचा वाटतो आणि बोट तिकडे वळतें. तें वळूं देऊं नये, कारण त्या सोयीचा दर बहुधा दुकानदाराच्या बाजूनें लावलेला असतो.

उरला गुंतवणुकीचा प्रश्न. सोनें आपण परंपरेनें घेतों. पण जगाच्या बाजारांत त्याचा भाव डॉलरांत ठरतो आणि आपल्याकडील बहुतेक सोनें बाहेरून येतें. म्हणून तिकडे भाव स्थिर राहूनही रुपया पडला कीं इकडे सोनें महागतें. अमेरिकन कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडाचेंही तसेंच: वर्षाअखेर दहा टक्के नफा दिसला, तर त्यांतील कंपन्यांच्या कर्तबगारीचा किती आणि रुपयाच्या घसरणीचा किती, हें वेगळें काढून पाहावें लागतें.

आतां दुबईच्या मुलाची आई शिल्लक रकमेचें सोनें घेत असेल, तर काय होतें पाहा. त्या घराची मिळकत डॉलरवर टांगलेली, आणि शिल्लकही त्याच खुंटीला. रुपया वधारला तर दरमहाची रक्कम आणि सांठविलेलें सोनें या दोहोंनाही एकदमच झळ लागावयाची. तिनें निदान निम्मी शिल्लक साध्या रुपयांच्या ठेवींत ठेवावी हें मला अधिक सुरक्षित वाटतें. समोरच्या वडिलांची गोष्ट उलट आहे. त्यांचा पगार रुपयांत आणि देणें डॉलरांत. मुलगी अजून शाळेंत असतांनाच त्यांनीं दरवर्षीं थोडी रक्कम परदेशी फंडांत घातली असती, तर रुपयाच्या प्रत्येक घसरणीबरोबर फी वाढली तशी त्या शिलकेची किंमतही रुपयांत कांहीं अंशीं वाढली असती. त्यांचा धाकटा मुलगा यंदा आठवींत आहे असें समजूं. त्यालाही पुढें बाहेर धाडावयाचें असेल, तर त्यांच्या हातांत अजून आठ वर्षें आहेत.