ऊन पाहा, मग फोटो काढा

जुन्या पुण्याचे फोटो काढायला निघालात, तर आधी दिशा पाहा.

१७३२ साली बांधून झालेल्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात त्यावर थेट ऊन येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र सकाळी लवकर आणि सूर्य मावळताना तिरपी किरणं पडतात, तेव्हा दारावरचे अणकुचीदार खिळे उठून दिसतात.

पर्वतीवरून शहर टिपताना उलट आहे. जुनं शहर टेकडीच्या उत्तरेला पसरलेलं असल्यानं हिवाळ्यात ऊन आपल्या पाठीशी राहतं.

भर दुपारी पाताळेश्वर लेणं गाठा. तिथला गोल नंदीमंडप आणि खांबांच्या सावल्या पाहण्यासारख्या असतात. काळ्या कातळाचा फोटो कॅमेरा आपणहून जास्त उजळ करतो. म्हणून उजेड थोडा कमी करा, दगडाचा खरा रंग येईल.

१८८६ सालच्या मंडईची अष्टकोनी इमारत सकाळच्या वर्दळीसह टिपा. पण विक्रेत्यांना आधी विचारा. संरक्षित वास्तूंमध्ये तिपाई लावायची असेल, तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. आणि फोटोसाठी जुन्या भिंतींवर कधीही चढू नका. त्या पुढच्या पिढ्यांनाही पाहायच्या आहेत.