आजोबा नाटक करत नाहीत

"शाळेतल्या मास्तरांची नावं घडाघडा सांगतात, आणि सकाळी काय जेवले ते म्हणे आठवत नाही! नाटकं नुसती." घरातल्या थकल्या माणसाबद्दल चांगली शिकलीसवरलेली मंडळी असं बोलतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. वेळ थोडा आहे, म्हणून आधीच सांगतो: ते नाटक नसतं, त्यामागे मेंदूतला बिघाड असू शकतो.

मेंदूतल्या पेशीच्या लांब तंतूत बारीक नळ्या असतात. पेशीतल्या मालाची ने-आण त्यांच्यावरून चालते. टाऊ नावाचं प्रथिन या नळ्यांना धरून ठेवतं. लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. बांबू म्हणजे नळ्या, सुतळी म्हणजे टाऊ. सुतळी वाईट नव्हे, ती आहे म्हणून मांडव उभा आहे. पण टाऊवर फॉस्फेट प्रमाणाबाहेर चढलं की ही सुतळी सुटते आणि तिचाच गुंता होतो. बांबू डगमगतात ते वेगळंच. हे गुंते डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले. टाऊ सापडलं १९७५ साली, आणि ते गुंते टाऊचेच आहेत हे कळायला आणखी दहाएक वर्षं लागली.

आता माझा मुद्दा. हा गुंता मेंदूभर एकदम होत नाही. ब्राक या संशोधक दांपत्याने १९९१ साली त्याचा क्रम दाखवून दिला. अल्झायमर यांचंच नाव मिळालेल्या विसरण्याच्या आजारात तो आधी कानशिलाच्या आत खोलवर होतो, जिथे नव्या आठवणी नोंदल्या जातात तिथे. म्हणजे मांडवाची दाराकडची बाजू आधी खचते. आधी येऊन बसलेले पाहुणे बराच काळ जागच्या जागी असतात, नवा पाहुणा मात्र आत येऊच शकत नाही. शाळेतले मास्तर आत बसलेत. सकाळची भाजी दारातच राहिली. आजोबा ती विसरले नाहीत हो, तिची नोंदच झाली नाही! मग "आत्ताच सांगितलं ना?" म्हणून त्यांच्यावर ओरडता कशाला? तुमचे शब्द त्यांच्याजवळ राहत नाहीत, पण मनाला लागलेलं मागे राहतं. पुन्हा सांगतो, नाटक नव्हे.

एवढं मात्र ऐका. प्रत्येक विसराळूपणा अल्झायमरच असतो असं नाही. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, तर औषधाने फरक पडू शकतो. तेव्हा "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. आधी डॉक्टरांकडे न्या, रक्त तपासून घ्या, आणि ऐकू कमी येत असेल तर कानही.