गार्बल: चाळणीतून आलेला शब्द

आज एकच इंग्रजी क्रियापद घेऊया: गार्बल.

कॉल चालू असताना नेट हललं की समोरच्याचा आवाज रोबोटसारखा तुटक यायला लागतो. तेव्हा म्हणायचं, 'युअर व्हॉइस इज गार्बल्ड.' नेटवरच्या कॉलमध्ये आपला आवाज बारीक तुकड्यांमध्ये, म्हणजे पॅकेट्समध्ये जातो. त्यातले काही वाटेत गळले की उरलेल्यांचा अर्थ लागत नाही. तसंच एखाद्याने निरोप सांगताना पार विचका केला, तर 'ही गार्बल्ड द मेसेज.'

मग डिस्टॉर्ट आणि गार्बल यात फरक काय? डिस्टॉर्टचं मूळ लॅटिनमध्ये आहे, अर्थ पिळणं. बाइकचा टॉर्क आणि छळ या अर्थाचा टॉर्चर, दोन्ही त्याच मुळातले. डिस्टॉर्ट केलेलं वाक्य आपल्याला कळतं, पण वाकडं कळतं. पेपरात आपण वाचतो ना, 'माझ्या विधानाचा विपर्यास केला', तिथे 'दे डिस्टॉर्टेड माय वर्ड्स' चपखल बसतं. गार्बल्ड बोलणं मात्र बहुतेक वेळा धड कळतच नाही.

आता गंमत ऐका. गार्बलचा मूळ अर्थ याच्या अगदी उलटा होता! अरबीत 'घिरबाल' म्हणजे चाळणी. मसाल्याच्या व्यापाराबरोबर हा शब्द इटलीमार्गे १५व्या शतकात इंग्रजीत पोचला. तेव्हा गार्बल करणं म्हणजे मसाला चाळून, निवडून त्यातला कचरा काढणं. लंडन शहरात त्या कामासाठी गार्बलर नावाचा अधिकारीच असायचा. आणि हा अर्थ अजून मेलेला नाही. आपल्याकडे केरळच्या मिरीचे भाव आजही 'गार्बल्ड' आणि 'अनगार्बल्ड' असे वेगवेगळे लागतात. तिथे गार्बल्ड म्हणजे साफ केलेली, जास्त भावाची मिरी!

मग साफ करणाऱ्या शब्दाने घाण कशी केली? लोक मसाल्यासारखी वाक्यंही चाळायला लागले. सोयीचं ठेवायचं, अडचणीचं टाकायचं. १७व्या शतकाच्या अखेरीस गार्बलला हा लबाडीचा अर्थ चिकटला. 'काहीच कळत नाही' हा आजचा अर्थ त्यानंतरचा.

मराठीत याचा भाऊ शोभेल असा शब्द आहे: गाळणे. चहा गाळतो तेव्हा चोथा जातो. वाक्यातला शब्द गाळतो तेव्हा कधीकधी अर्थच जातो.

आणि मराठीत हे फार सोपं आहे, कारण आपलं 'नाही' आणि 'असं' वाक्याच्या शेवटाकडे येतं. मागच्या वर्षी मी एका भागात म्हणाले होते, 'इंग्रजी आलं नाही तर नोकरी मिळत नाही, असं मुलांना सांगणं मला क्रूर वाटतं.' कुणीतरी त्याची क्लिप केली आणि 'मिळत नाही'वर कात्री मारली. माझाच आवाज, माझेच शब्द, एकही शब्द खोटा नाही. ती क्लिप ऐकून मराठी माध्यमातून शिकलेल्या एका मुलीने विचारलं, 'ताई, मग मी परीक्षेचा फॉर्म भरू की नको?' शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. मी तिला अख्खा भाग पाठवला. तिने फॉर्म भरला. पण जिने विचारलंच नाही, तिचं काय झालं, हे मला कधीच कळणार नाही.

म्हणून 'क्लिप खरी आहे का?' एवढंच विचारून भागत नाही. आवाज खरा असतो, चेहरा खरा असतो. विचारायचं ते हे: याच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं? वाक्य पूर्ण झालंय का? कळत नसेल तर मूळ व्हिडिओ शोधा. नाही सापडला तर फॉरवर्डचं बटण दाबू नका.

आजचा गृहपाठ: गार्बल आणि डिस्टॉर्ट, दोन्हींचं एकेक वाक्य कमेंटमध्ये लिहा. आणि या भागाची क्लिप कापणार असाल, तर कृपा करून पूर्णविरामावर कापा! भेटूया पुढच्या भागात.