लेकराची माया कोणावर जडते?



तान्ह्या मुलाची माया कोणावर जडते, असे विचारले तर आपण सारे म्हणू, आईवर. आणि का, तर ती दूध पाजते म्हणून. यातले हे ‘का’चे उत्तर आता टिकत नाही. अमेरिकेत हार्लो यांनी १९५८ साली माकडांच्या पिलांवरचे आपले प्रयोग मांडले. दूध देणाऱ्या तारेच्या ‘आई’कडे पिले भुकेपुरती जात, एरवी मऊ कापडाच्या ‘आई’ला बिलगून राहत. ग्लासगोत शॅफर व इमर्सन यांनी ६० बाळांचा अभ्यास करून १९६४ साली तो प्रसिद्ध केला. जो रडण्याला ओ देतो, खेळवतो, त्याला बाळ धरते, मग तो भरवो वा न भरवो. आणि पुष्कळ बाळांना आईखेरीज बाप, आजी, भावंडेही तशीच हवी असतात. सातव्या-आठव्या महिन्यात ही ओढ उघड दिसू लागते.

आता आपल्या नगर जिल्ह्याकडे वळू. पाथर्डी-जामखेडकडची जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. अशा जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव! मुकादमाची उचल फिटायची असते, म्हणून आई पहाटेच फडात. मागे कोपीत लुगड्याची झोळी, आणि ती हलवायला पुष्कळदा आठ-दहा वर्षांची बहीण. आई मोळ्या टाकून येते, पाजते, परत जाते. दिवसभर ओ देते ती बहीण. आईचे स्थान त्याने जात नाही. पण बाळाच्या लेखी ही पोरही त्याचे माणूस झालेली असते.

या मुलींनी शाळेत बसावे, हंगामी वसतिगृहात राहावे, असे आपण म्हणतो. म्हणावेच, पोरीचे बालपण झोळीला बांधून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही. परंतु ती गेली की झोळीतल्याचे काय, हे कोणी विचारीत नाही. रॉबर्टसन यांनी १९५२ साली इस्पितळात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखविला, तेव्हा पुष्कळ डॉक्टर चिडले. गप्प झालेले मूल रमले असे ते समजत होते. ते खचलेले असू शकते, हे त्यांना पटेना.

तेव्हा फडाजवळ नुसते पाळणाघर काढून भागणार नाही. तेथली बाई हंगामभर तीच हवी. मुलगी वसतिगृहात जाण्याआधी आठ-पंधरा दिवस दोघींनी मिळून बाळ सांभाळावे, असे आम्हांला वाटते. खर्च कारखान्याने करावा की सरकारने, हा वाद व्हायचाच. पण त्यात एक हंगाम गेला, तर त्या हंगामातल्या बाळांचा सातवा-आठवा महिना त्यांच्यासाठी थांबून राहत नाही.