वारीला निघताय? आधी पाय बघा

आळंदी ते पंढरपूर ही वाट साधारण अडीचशे किलोमीटरची. माउलींच्या पालखीबरोबर पहिल्यांदाच निघणार असाल, तर कोरे करकरीत बूट घालून येऊ नका. पायाला सरावलेली जुनी चप्पलच बरी. पावसात मोजे भिजतात, वाळूचा कण आत शिरतो आणि संध्याकाळपर्यंत टाचेला फोड येतो. कातडी सोलू नका. धुऊन, कोरडं करून पट्टी लावा. वाटेवरच्या दवाखान्यात मलम मिळतं, रांग मात्र असते.

खरा कस लागतो पुणे ते सासवड या टप्प्यात. एका दिवसात तीसेक किलोमीटर चाल, त्यात दिवे घाट. घाईने चढणारे तरणेबांड वळणावर धापा टाकत बसतात आणि टाळाच्या ठेक्यावर चालणाऱ्या सत्तरीच्या आजी पुढे निघून जातात. तेव्हा दिंडीची चाल धरा.

बोचकं दिंडीच्या ट्रकमध्ये टाका. त्यावर नाव आणि दिंडी क्रमांक ठळक लिहा. जवळ पाणी, रोजच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकचा कागद पुरे. पावसात तो डोक्यावर, रात्री अंथरुणाखाली. आंघोळ भल्या पहाटेच उरका, उजाडल्यावर टँकरपाशी पाय ठेवायला जागा नसते.

काही हरवलंच, तर मुक्कामी समाजआरतीला जा. चोपदारांनी दंड उंचावला की हजारो टाळ क्षणात थांबतात आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. पिशवीत काय काय होतं ते आठवून ठेवा, ओळख पटवणं सोपं जाईल.